मागची बाजू दाखवा हो!

जुनी स्टिरिओ कार्डं (शेजारी-शेजारी दोन फोटो, खास भिंगांतून पाहिले की उठावदार दिसणारे) विकणाऱ्यांनो, फोटोत कार्डाची मागची बाजू दाखवायला काय जातं तुमचं? समोरचाही अर्धाच भाग दाखवणार, तोही तिरका, वर फ्लॅशची चकाकी! अहो, डाव्या-उजव्या चित्रांत किंचित फरक असतो म्हणून तर दृश्याला खोली येते. एकच चित्र दोनदा चिकटवलेलं असेल तर मी काय पाहू, भिंत? आणि १८९२ साली सुरू झालेल्या कीस्टोन कंपनीनं ढिगांनी काढलेली कार्डं 'अतिदुर्मिळ' कशी? (सगळंच दुर्मिळ असतं यांच्याकडे.) कहर म्हणजे छापखान्यातली रंगीत कार्डं 'अस्सल अल्ब्युमेन' (अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचे खरे फोटो) म्हणून खपवणं. भिंग धरलं की छपाईचे ठिपकेच ठिपके! विचारलं तर उत्तर ठरलेलं: "फोटोत दिसतंय तसंच आहे." फोटोत तुमचा अंगठा दिसतोय, साहेब!