रनिंगचा आकडा बघून गाडी सोडू नका

आमची होंडा सिटी 2010 ची, पेट्रोल, मीटरवर अडीच लाख किलोमीटर कधीच उलटून गेलेत. मी घेतली तेव्हाच ती लाखाच्या वर पळालेली होती आणि बाकीची गिऱ्हाइकं तो आकडा ऐकूनच परत गेलेली. मी मात्र फाइल बघितली. आधीच्या मालकाने सुरुवातीपासूनची सगळी सर्व्हिसची बिलं लावून ठेवलेली, ऑइल वेळेवर, कूलंट वेळेवर, मला तेवढं बास होतं.

लोक बारा-पंधरा वर्षांची गाडी बघायला जातात आणि मीटरवर चाळीस हजार दिसले की खूश. अहो, एकतर मीटर मागे केलेला असायची शक्यता (कुठल्याही जुन्या गॅरेजवाल्याला विचारा), नाहीतर गाडी उभी राहून राहून खराब झालेली, रबर कडक, टायरला भेगा, सील गळतायत. इंजिन झिजतं ते थंड स्टार्ट आणि दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी. पुणे-कोल्हापूर हायवेवरचे दीड लाख आणि मुंबईच्या ट्रॅफिकमधले पन्नास हजार एका मापाने मोजायचेच नाहीत.

या 1497 सीसी इंजिनला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा रबरी पट्टा) नाही, चेन आहे, म्हणजे बेल्ट बदलायचा खर्चच नाही. पण टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट मापात आणणं, करावंच लागतं, ते आपोआप होत नाही. आणि घट्ट झालेले व्हॉल्व्ह आवाज करत नाहीत, तसेच जळत राहतात, त्यामुळे इंजिन शांत आहे म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. बाकी खर्च खालच्या बाजूला, सस्पेन्शनचा, बुश, लिंक रॉड, शॉकअप, आपल्या रस्त्यांवर ते चालायचंच. पाच जण बसले की स्पीडब्रेकरला पोट घासतं, तिथे गाडी तिरकी काढायची सवय लागते.

या काळातली सिटी घेत असाल तर एक काम सगळ्यात आधी करा. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरचा (एअरबॅग फुगवणारा भाग) जो जगभर रिकॉल झाला, म्हणजे सदोष पार्ट बदलायला गाड्या परत बोलावल्या, त्यात या गाड्या पण होत्या. तो इन्फ्लेटर फुटला तर धातूचे तुकडे अंगावर उडतात, जीव जातो हो! होंडाच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून बघा, पार्ट फुकट बदलून मिळतो.

15 वर्षं झाली तेव्हा सगळे म्हणाले, भंगारात काढ आता. मी आरटीओत फिटनेस दाखवला, ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर) भरला आणि 5 वर्षांचं पासिंग करून आणलं. धडधाकट गाडी मोडायची आणि नवीनचे हप्ते भरत बसायचं, हे मला पटतच नाही. आता क्लच प्लेट आलीय बदलायला, ती पावसाळ्याआधी करून घेणार.