पर्स घ्या, पण उलटी करून बघू नका

सोलापूरकर माणूस चादर घेताना आधी ती उलटी करतो. जेकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली असेल, तर मागे तीच नक्षी रंग पालटून दिसली पाहिजे, हे इथं पोराटोरांनाही ठाऊक. ही खोड घरी ठेवून मगच ब्रँडेड पर्सच्या दुकानाची पायरी चढा. दहा-पंधरा हजारांच्या पर्सला भक्तिभावानं हात लावायचा असतो.

आतल्या खिशात शिवलेली चिठ्ठी तर वाचूच नका. तिच्यावर 'पॉलियुरेथेन' असं बारीक अक्षरात असतं, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर. काउंटरवरची मुलगी त्यालाच 'व्हीगन लेदर' म्हणते, किती छान वाटतं ऐकायला! हवेतला ओलावा हा थर हळूहळू तोडत असतो आणि आपला 43 अंशांचा मे महिना त्याला घाई करतो. मग दोन-चार वर्षांत पोपडे. पर्स कपाटात जपून ठेवली तरी पोपडे, कारण थराचं वय कारखान्यातून निघाल्यापासूनच मोजलं जातं. म्हणून लेबलावरचा उत्पादनाचा महिनाही पाहू नये. पन्नास टक्के सूट मिळालेली पर्स निम्मं आयुष्य गोदामातच काढून आलेली असू शकते, आणि असल्या गोष्टी कळल्या की सुटीचा आनंद जातो.

'जेन्युइन लेदर' दिसलं की डोळे मिटून पैसे काढा. कातडं असतंच हो. फक्त कुठला थर, ते त्या दोन शब्दांत येत नाही. वरचा घट्ट थर काढून घेतल्यावर उरलेला खालचा, भुसभुशीत थर, त्यावर लेप आणि साच्यानं दाबलेली नक्षी, हेसुद्धा जेन्युइनच. 'सॅफियानो' म्हणजे कुठला प्राणी, असं विचारून हसं करून घेऊ नका. ते कातड्यावर दाबलेल्या तिरक्या रेघांचं नाव आहे. त्या रेघा प्लास्टिकवरही तितक्याच सुबक उठतात.

पट्टा ओढून बघाल? अजिबात नको. पर्स बहुधा तिथंच जाते, कडी धरणाऱ्या दोन बोटं रुंद पट्टीपाशी. पट्टीच्या आत जाड तुकडा घालून चौकोनी शिलाई आणि मध्ये फुली मारलेली असली, की भार वाटला जातो. एकच सरळ शिलाई असली, तर टपालाच्या तिकिटासारखी छिद्रांच्या ओळीत फाटते. कडीचा सोनेरी रंग म्हणजे बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूवरचा मुलामा. हूक जिथं घासतो तिथं तो आधी उडतो. चेन कोपऱ्यावरून आठ-दहा वेळा फिरवलीत तर रनरमध्ये अस्तर अडकतं का तेही कळेल. कशाला कळून घ्यायचं?

हिशेब मात्र जरूर करा, सोयीचा. 14,000 रुपये, तीन वर्षं, रोज वापर: दिवसाला तेरा रुपयेसुद्धा नाहीत, चहाच्या भावात पर्स! प्रत्यक्षात ती वर्षाला सहा लग्नांना निघेल, म्हणजे एका लग्नामागे 778 रुपये. आहेर त्याहून कमी असेल तर गप्प बसा. रोजच्याला कापडी पिशवी आहेच. पर्स रिकामीच किलोभर भरते, त्यात डबा, पाण्याची बाटली घातली की खांदा बोलतो. आणि शेंगाचटणीचं पाकीट चुकूनही ठेवू नका, कातड्यानं तेल प्यालं की डाग कायमचा.

मंगल कार्यालयात जाऊबाई विचारतीलच, "कितीला घेतली?" त्यांना खरी किंमत सांगा, सासूबाईंना तीन हजार. चुलतबहीण म्हणेल, "अगं, सेम नवी पेठेत साडेचारशेला." बिल्ला तोच, अक्षरं तीच, फरक दाखवायचा तर पर्स उलटी करावी लागेल, आणि आपण तर तिची आतली बाजू पाहिलेलीच नाही.

पुढं रनर गेला की दुरुस्तीवाल्याकडे जाल. तो ऐंशी रुपये सांगेल. तिथं साठावर अडून बसा.