जरा उतरूया की!

दर सुट्टीला तेच! आजरा गेला, आंबोली घाट उतरला, वेंगुर्ल्यात मासे हाणून झाले की मंडळी होडीतून समुद्रातल्या पक्ष्यांच्या खडकांकडे निघतात. इथवर ठीक. पण लांबूनच बघायचं ठरलेलं असताना "भावा, जरा उतरूया की!" कशाला? रंकाळ्याची चौपाटी आहे काय ती?

तिथला सुरय पक्षी बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या दगडावर नाहीतर कपारीत. तुम्ही उतरला की तो उडणार, अंडं उन्हात शिजणार. पण सेल्फी आली पाहिजे!

तिथल्या गुहेतले पाकोळी पक्षी लाळेनं घरटी चिकटवतात म्हणून सांगावं, तर एकजण म्हणतो, "आमच्या गल्लीतले गुटखेवालेबी तेच करतात." हशा! वर कुणी स्पीकर आणलेला. मिट्ट अंधारात स्वतःच्या टिकटिक आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून वाट काढणारा जीव तो. त्याला डॉल्बी ऐकवायची? गणपतीत आपलेच कान फुटले ते पुरलं नाही?

परतताना चिवड्याच्या रिकाम्या पिशव्या पाण्यात. आणि होडीवाला बिचारा "नको, पक्षी बसलेत" म्हणाला, तर त्यालाच उलट, "किती जादा पायजेत ते बोल. विषय काय हाय?"