यादीत पहिला, म्हणून अकोला

ऑनलाइन अर्जात ड्रॉपडाउन, म्हणजे क्लिक केल्यावर उलगडणारी पर्यायांची यादी, बसवायला घेण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती अशी की अर्जदाराला काय निवडायचे आहे हे त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते. त्यासाठी फारसे कष्टही पडत नाहीत. महाराष्ट्रातील ३६ जिल्ह्यांची नावे अकारविल्हे लावून वेबपानावर अशी यादी बनवणाऱ्या सिलेक्ट टॅगमध्ये ओतावीत आणि ‘जिल्हा निवडा’ असा रिकाम्या व्हॅल्यूचा, म्हणजे ज्याच्यामागे पाठवायचे मूल्यच नाही असा, पर्याय सर्वांत वर ठेवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मग ब्राउझर आपण होऊन पहिला पर्याय निवडलेला धरतो, आणि ज्याने त्या यादीला हातही लावला नाही असा सावंतवाडीचा गृहस्थ अर्ज पाठवताक्षणी अकोल्याचा रहिवासी होतो. यादीला रिक्वायर्ड, म्हणजे ‘निवड सक्तीची’ ही अट, लावली असेल तरी काळजीचे कारण नाही, कारण अकोला ही रिकामी व्हॅल्यू नसल्यामुळे तपासणी निमूटपणे वाट सोडते. पुढे अहवालात अकोल्याहून अर्जांचा पूर आलेला दिसला, की तिथल्या जनजागृतीचे श्रेय घ्यायला विसरू नये.

प्रत्येक जिल्ह्याला स्वतंत्र कोड देणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. व्हॅल्यू दिली नाही तर ब्राउझर पर्यायाचा मजकूरच पाठवतो, तेव्हा तोच मजकूर डेटाबेसमध्ये साठवावा. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे धाराशिव झाले तेव्हा यादीतले नाव बदलणे हे दोन मिनिटांचे काम होते. जुना अर्ज दुरुस्तीसाठी उघडल्यावर मात्र साठवलेले ‘उस्मानाबाद’ नव्या यादीत कुठेच सापडत नाही. अशा प्रसंगी वेबपाने बांधायचे साधन असलेले रिअ‍ॅक्ट पहिला पर्याय दाखवून मोकळे होते, स्टेटमध्ये, म्हणजे अर्जाने स्वतःपाशी धरून ठेवलेल्या माहितीत, जुनेच नाव राहते, आणि पडद्यावर एक जिल्हा, पोटात दुसरा व प्रत्यक्षात तिसरेच नाव, असा त्रिवेणी संगम आपल्याला फुकटात लाभतो.

तालुक्यांची संख्या ३५८ आहे, म्हणून त्यांच्या वाटेला फार जाऊ नये. जिल्हा पुण्याचा नाशिक केला तरी स्टेटमधला मुळशी तालुका तसाच राहू द्यावा. भूगोल शिकवणे हे आपले काम नव्हे. एकाहून अधिक पर्याय निवडता येणाऱ्या यादीतून सिलेक्टची व्हॅल्यू तेवढी वाचावी, म्हणजे निवडलेल्यांपैकी पहिलाच पर्याय हाती येतो आणि बाकीच्यांचा भार डेटाबेसवर पडत नाही. अपत्यांच्या संख्येबाबत मात्र कडक असावे. ब्राउझरकडून ‘०’ ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणून लिहिलेले शून्य, येते, तिचा आधी आकडा करावा आणि मगच ती रिकामी आहे का हे तपासावे; जावास्क्रिप्ट शून्याला काहीच नाही असे समजत असल्यामुळे परवाच पदवीधर झालेल्या अविवाहित उमेदवारालाही ‘कृपया अपत्यांची संख्या निवडा’ असा प्रेमळ आग्रह करता येतो.

आता राहता राहिला खरोखरच अकोल्यात राहणारा अर्जदार. स्टेट रिकामे ठेवून रिअ‍ॅक्टमध्ये यादी दाखवली असेल, तर त्याला पडद्यावर आपला जिल्हा आधीच निवडलेला दिसतो, म्हणून तो निश्चिंत मनाने ‘सादर करा’ दाबतो आणि ‘जिल्हा निवडलेला नाही’ असे लाल अक्षरांत वाचतो. तो यादी उघडून पुन्हा अकोल्यावर क्लिक करतो. पण निवड बदललेलीच नसल्यामुळे चेंज इव्हेंट, म्हणजे निवड बदलल्याची ब्राउझरने दिलेली वर्दी, येत नाही आणि स्टेट रिकामेच राहते. मदतकेंद्रावर फोन आल्यास त्याला शांतपणे सांगावे की साहेब, एकदा अमरावतीला जाऊन या आणि मग परत अकोला निवडा.