ट्रंबोन फक्त काळी पाचचा नाही

गणपती जवळ आले की इथल्या बँडवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला. त्याचं म्हणणं असं: ट्रंबोन, म्हणजे नळी पुढेमागे सरकवून वाजवायचं पितळी वाद्य, हे बी फ्लॅटचं, म्हणजे आपल्या काळी पाचचं (हार्मोनियमच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या सुराचं), ते त्याच पट्टीत वाजतं. स्लाइडच्या, म्हणजे त्या सरकत्या नळीच्या, सात जागा म्हणजे सात सूर, त्यात कोमल सूर नाहीत. जागांवर खुणा नाहीत, म्हणून सगळा अंदाजाचा कारभार. त्यात समुद्राच्या हवेने स्लाइड अडकते. तेव्हा आरती-भजनाला ट्रंबोन नको.

मी लग्नांत आणि रत्नागिरीत मांडवीच्या विसर्जनाला ट्रंबोन वाजवतो. हे वाचून आमच्यातल्या एका हुशार पोराने ट्रंबोन ठेवून कीबोर्ड धरला, तेव्हा गप्प बसवेना.

सात जागा म्हणजे सात सूर, ही चूक मुळातली आहे. स्लाइड पूर्ण आत असली की पहिली जागा. तिथे नळी सुमारे पावणेतीन मीटर लांब असते. स्लाइड हलवायचीसुद्धा नाही, फक्त ओठांचा ताण वाढवत न्यायचा: काळी पाचचा षड्ज, मग पंचम, वरचा षड्ज, गंधार, पुन्हा पंचम, अशी शिडीच्या शिडी एकाच जागेवर मिळते. पुढची प्रत्येक जागा ही अख्खी शिडी अर्ध्या सुराने खाली आणते. अशा सात शिड्या झाल्या, की बाराही सूर हाताशी आले. काही सूर तर दोन ठिकाणी मिळतात. मधली पांढरी चार पहिल्या जागेवर आहे आणि सहाव्यावरही.

म्हणजे ‘बी फ्लॅटचा’ या शब्दांचा अर्थ एवढाच, की स्लाइड आत असताना नळी त्या सुराची असते. पट्टीचं बंधन त्यात कुठेच नाही. बुवा काळी एकमध्ये आरती धरतात ना? मग षड्जापासून तार षड्जापर्यंतच्या जागा घ्या: पाच, तीन, एक, पाच, तीन, एक, तीन, दोन. कोमल गंधार हवा तर पहिलीऐवजी दुसरी जागा, कोमल धैवतालाही तेच. ही सरगम मी त्या पोराला पडवीत बसून वाजवून दाखवली. दहा मिनिटं लागली असतील.

पट्टीचं बंधन नाही याचा एक जुना दाखला: पाश्चात्त्य संगीतकार बेथोव्हनची पाचवी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदाची मोठी रचना, 1808 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिच्यात ट्रंबोनवाले तीन भाग गप्प बसतात आणि चौथ्यात येतात, तेही सी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी एकमध्ये.

खुणा नाहीत, हे खरं. पण त्या व्हायोलिनवरही नाहीत. हाताला ओळख लागते: तिसरी जागा भोंग्याच्या, म्हणजे वाद्याच्या पुढच्या रुंद तोंडाच्या, कडेच्या जरा अलीकडे, चौथी जरा पलीकडे. अंतरंही सारखी नसतात. पहिलीहून दुसरी साधारण 8 सेंटीमीटरवर, तर सहावीहून सातवी जवळपास 11वर, कारण नळी जितकी लांब, तितकाच सूर उतरायला जास्त नळी लागते. आणि खूण नसणं हीच तर आपली सोय आहे. पेटी थोडी उतरलेली असेल तर ट्रंबोन केसभर सरकवून तिच्याशी जुळवता येतो.

मर्यादा आहेत, त्या लपवायला नकोत. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, एकाच शिडीच्या पायरीवर खेचता येते, पायरी बदलली की तुटते. साध्या ट्रंबोनवर अगदी खालच्या सप्तकात काही सूर मिळतच नाहीत, त्यासाठी अंगठ्याने चालणारा व्हॉल्व्ह असलेला ट्रंबोन लागतो.

खाऱ्या हवेचं म्हणाल, तर दोन वर्षांपूर्वी एका वरातीत माझीच स्लाइड चौथ्या जागेवर अडकली होती. हवेला कशाला दोष द्यायचा? वाद्य महिनाभर न पुसता पेटीत ठेवलं होतं. आता वाजवून झालं की पाणी काढतो, आतल्या नळ्या मऊ फडक्याने पुसतो. त्या पोराचा ट्रंबोनही माझ्याच पडवीत आहे, त्याच्याही नळ्या पुसून ठेवतो. स्लाइड अगदी हलकी चालते.