दार बंद केलं की लोकसंख्या थांबते? एका फॉरवर्डचा समाचार

एक लांबलचक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात तो असा: पृथ्वीवरचा भार वाढतोय तो स्थलांतरितांमुळे; पुरावा म्हणून कॅनडा बघा, तिथली ९८ टक्के वाढ बाहेरून आलेल्यांची. शिवाय या लोकांना पोरंही भरपूर होतात. तेव्हा सीमा बंद करा, आलेले आपोआप परत जातील आणि तिजोरीवरचा बोजा उतरेल.

आधी ‘पृथ्वीवरचा भार’ बाजूला काढू. माणूस एका देशातून दुसऱ्या देशात गेला म्हणून जगात एक माणूस वाढत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे सुमारे ३० कोटी ४० लाख होते, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के. उरलेले सगळे आपापल्या देशातच आहेत.

आता कॅनडा. आकडा खरा आहे. २०२३ मध्ये तिथली लोकसंख्या सुमारे १२.७ लाखांनी, म्हणजे ३.२ टक्क्यांनी वाढली आणि त्यात स्थलांतराचा वाटा जवळपास ९८ टक्के होता. पण हे टक्के एकूण लोकसंख्येचे नाहीत, वाढीचे आहेत. वाढीचा दुसरा घटक म्हणजे जन्म वजा मृत्यू. तोच शून्याला टेकला असेल, तर बाहेरून थोडे येवोत की फार, त्यांचा वाटा शंभराजवळच जाणार. समजा एका देशात मृत्यूंपेक्षा जन्म एक हजाराने जास्त झाले आणि बाहेरून नऊ हजार आले. वाटा ९० टक्के. पुढच्या वर्षीही नऊ हजारच आले, पण जन्म मृत्यूंपेक्षा एक हजाराने कमी पडले. एकूण वाढ आठ हजार, वाटा ११२.५ टक्के! येणारा एकही जास्त नाही, तरी टक्केवारी फुगली. जर्मनीत १९७२ पासून दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत. तिथे ज्या ज्या वर्षी लोकसंख्या वाढली, त्या त्या वर्षी हा वाटा शंभराच्या वरच. हा आकडा विमानतळाबद्दल कमी आणि पाळण्याबद्दल जास्त सांगतो.

अर्थात कॅनडात त्या वर्षी माणसं खरोखरच खूप आली, ते नाकारण्यात हशील नाही. पण त्यांतले निम्म्याहून अधिक कायमचे वसायला आलेले नव्हते. विद्यार्थी, तात्पुरत्या परवान्यावरचे कामगार, आश्रय मागणारे असे होते. कायम वास्तव्याचं वार्षिक लक्ष्य सरकार ठरवत होतं, तात्पुरत्यांवर तसं बंधन नव्हतं. महाविद्यालयांना परदेशी विद्यार्थ्यांची जादा फी हवी होती आणि घरं त्या वेगाने बांधली जात नव्हती. भाडी कडाडल्यावर, जानेवारी २०२४ मध्ये, विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. येणाऱ्यांचा वेग आणि घरबांधणीचा वेग यांचा मेळ कुणी घातलाच नव्हता.

‘पोरं भरपूर’ हा दावा लवकर निपटतो. पहिल्या पिढीत सरासरी मुलं स्थानिकांपेक्षा अनेकदा थोडी जास्त असतात, खरं आहे. त्यातही मोजणीची एक गंमत आहे: पुष्कळ बायका स्थलांतर होईपर्यंत बाळंतपण लांबवतात आणि पोचल्यावर लगेच मूल होऊ देतात. नेमकी तीच वर्षं मोजली की दर उगीच चढलेला दिसतो. दुसऱ्या पिढीत फरक बराचसा ओसरतो. शिवाय ज्या देशांतून लोक येतात तेही थांबलेले नाहीत. मेक्सिकोत १९७० च्या सुमारास बाईमागे साडेसहाहून अधिक मुलं होती, आज दोनापेक्षा कमी.

इथेच दुसऱ्या टोकाच्या उत्साही मंडळींनाही अडवायला हवं. स्थलांतरितांना मुलं कमी होऊ लागतात आणि तेही म्हातारे होतात, त्यामुळे ‘बाहेरून तरुण आणा, वृद्धत्वाचा प्रश्न मिटला’ हेही खोटंच. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी हिशेब मांडला होता: कमावत्या वयाचे आणि वृद्ध यांचं तेव्हाचं प्रमाण २०५० पर्यंत टिकवायचं, तर एकट्या दक्षिण कोरियाला ५०० कोटींहून अधिक लोक आणावे लागतील.

आता सगळ्यात लोकप्रिय दावा: दार लावा, म्हणजे आलेले जातील. हा प्रयोग होऊन गेलाय. पश्चिम जर्मनीने १९५५ पासून इटली, मग तुर्कस्तान वगैरे देशांशी करार करून ‘पाहुणे कामगार’ आणले. तेलसंकट आल्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती थांबवली. तेव्हा तिथे सुमारे ४० लाख परदेशी होते. १९८० मध्ये ते सुमारे ४४.५ लाख झाले. कारण सरळ आहे. जोवर परत येता येत होतं, तोवर माणूस गावी जायला कचरत नव्हता. एकदा गेलो की पुन्हा प्रवेश नाही, हे कळल्यावर बरेच जण जागचे हलले नाहीत. उलट बायकामुलांना बोलावून घेतलं. अमेरिकेतही तेच. मेक्सिकोचे मजूर हंगामाला येत आणि घरी परतत. १९९० च्या दशकात सीमेवरचा पहारा कडक झाला, ओलांडण्याचा खर्च आणि धोका वाढला, तसं परतणं कमी झालं. अमेरिकेत कागदपत्रांविना राहणारे, सगळ्या देशांचे मिळून, १९९० मध्ये सुमारे ३५ लाख होते, २००७ मध्ये १ कोटी २० लाखांवर गेले. वाढीला कामाची मागणीही कारणीभूत होतीच. पण पहाऱ्याने ये-जा तोडली, मुक्काम नाही.

राहिला तिजोरीचा बोजा. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने २०१३ मध्ये हिशेब केला, तेव्हा बहुतेक सदस्य देशांत निव्वळ परिणाम राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर निघाला, कुठे फायदा, कुठे तोटा. मग शाळा-दवाखान्यांत ताण का जाणवतो? कारण बऱ्याच देशांत आयकर केंद्राकडे जातो आणि शाळेचा वर्ग स्थानिक संस्थेला वाढवावा लागतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१६ च्या अहवालातही हेच दिसतं: पहिल्या पिढीचा खर्च राज्यं आणि स्थानिक संस्थांवर पडतो, मुख्यतः मुलांच्या शिक्षणापोटी, तीच मुलं मोठी झाली की सर्वाधिक कर भरणाऱ्यांत जमा होतात. केंद्राने त्या कराचा वाटा आधीच शाळांकडे वळवला, तर सीमेला हात न लावताही तक्रारीचा मोठा भाग मिटतो.