शिक्षणमंत्री कोण झाले यावरून भांडणाऱ्या माझ्या माणसांनो

काल, २१ डिसेंबर २०२४ ला, रात्री उशिरा राज्याच्या नव्या मंत्रिमंडळाचं खातेवाटप जाहीर झालं आणि आज सकाळी हुरड्याला जमलो तर पहिलं कणीस भाजून व्हायच्या आत भांडण पेटलं. सासवडच्या बाजूला भाच्याच्या मित्राचं शेत आहे. सगळे आपलेच, घरचे. भाऊजी म्हणाले, ‘‘शालेय शिक्षण दादा भुसेंना! कृषी झालं, बंदरं झाली, बांधकाम झालं, आता शिक्षण. मालेगावच्या माणसाला शिक्षणातलं काय कळणार?’’ त्यावर भाचा तावातावाने उठला, ‘‘तुमच्या सरकारने काय दिवे लावले होते ते सांगा आधी.’’ मग करोनातल्या ऑनलाइन शाळा निघाल्या, रद्द झालेल्या परीक्षा निघाल्या, कोण कोणाला सोडून कुठल्या पक्षात गेलं ते निघालं. तासभर हेच.

शेवटी भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘आत्या, तूच सांग. आपलं सरकार चांगलं की नाही?’’

उभं आयुष्य मी जिल्हा परिषदेच्या शाळेत घालवलं. यंदा मे महिन्यात मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. शिक्षणमंत्र्यावर तासभर वाद चालला, त्यात शाळेत काय होतं हे मला एकाने विचारलं नाही. विचारलं ते ‘आपलं सरकार’. तिथे मी काही बोलले नाही. माझ्या आईच्या वयाची माणसं बसली होती, त्यांचा दिवस नासवायचा नव्हता. आता घरी येऊन लिहितेय.

माझी शेवटची शाळा भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. चौथीपर्यंतची, दोन शिक्षकी. या वर्षाच्या सुरुवातीला ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ हे सरकारी अभियान आलं तेव्हा दर्शनी भिंत रंगवायला काढली. पावसाने पोपडे आले होते, म्हणून पेंटर आधी पत्र्याने खरवडत बसला. निळा ऑइल पेंट निघाला, त्याखाली ‘निपुण’ या वाचन-गणिताच्या योजनेची अक्षरं. ती निघाली तर खाली पिवळ्यावर लाल ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’. अजून खाली सर्व शिक्षा अभियानाचं चित्र, ‘सारे शिकूया, पुढे जाऊया’मधलं नुसतं ‘सारे शि’ उरलेलं. पेंटर म्हणाला, ‘‘बाई, भिंतीपेक्षा रंग जाड झालाय.’’ पोरं भोवती गोळा होऊन पोपडे वेचत होती.

ती भिंत डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

२०१४ पासूनचे शिक्षणमंत्री धरले तर विनोद तावडे, आशिष शेलार, वर्षा गायकवाड, दीपक केसरकर आणि आता दादा भुसे. मधले हंगामी कारभारी सोडून दहा वर्षांत हे पाचवे. पहिलीत आलेलं पोर दहावीला बसेपर्यंत पाच मंत्री! यात युतीचे आले, आघाडीचे आले, महायुतीचे आले. शेलारांना तर काही महिनेच मिळाले. एवढ्यात कोणीही, अगदी देवमाणूस आला तरी, काय करणार होता?

आणि प्रत्येकाला आल्या आल्या काहीतरी नवं करून दाखवायचं असतं. २०१६ मध्ये विद्यार्थ्यांबरोबर सेल्फी काढून पाठवायचा आदेश निघाला. ओरड झाली, बासनात गेला. २०२२ मध्ये वर्गात शिक्षकांचे फोटो लावायला सांगितलं. का, तर वर्गावर दुसरंच कोणी शिकवत असेल म्हणून. म्हणजे आम्ही सगळे चोर. गेल्या वर्षी पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यात वहीची कोरी पानं घातली. दप्तराचं ओझं कमी करायचा हेतू चांगला होता, हे मान्य. पण पोरांनी वह्या आणायचं थांबवलं नाही आणि कोरी पानं कोरीच राहिली. यंदा ‘एक राज्य, एक गणवेश’. आमच्या शाळेत गणवेश आले तेव्हा पाऊस संपत आला होता. पहिलीच्या पोरीचा शर्ट तिच्या गुडघ्याला लागत होता. कोणाच्या हातून काय चुकलं मला माहीत नाही आणि गणवेश शिवणाऱ्या बचत गटातल्या बायकांना मी एका शब्दाने बोलणार नाही. पण तो निर्णयही याच आठवड्यात फिरवला. गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे. म्हणजे जिथे होता तिथेच. एक अख्खं वर्ष गेलं.

पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींना आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब मुलांना खासगी शाळेत मिळणाऱ्या प्रवेशाचं, तर आठवत असेलच. फेब्रुवारीत नियम बदलला की जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेने पंचवीस टक्के जागा द्यायची गरज नाही. मे महिन्यात उच्च न्यायालयाची स्थगिती, जुलैत तो बदलच रद्द. माझ्याकडे धुणीभांडी करते तिचा मुलगा त्या यादीत होता. जून उजाडला, शाळा भरल्या, आजूबाजूची पोरं नवी दप्तरं घेऊन निघाली आणि हा घरात. ती रोज मला विचारायची, ‘‘ताई, लागला का नंबर?’’ काय सांगणार होते मी तिला?

हे सगळं ज्या घरात घडतं त्या घरातली माणसं टीव्हीसमोर बसून मंत्री कुठल्या गटाचा हे मोजत नाहीत. मोजतो आपण, कोथरूड, कर्वेनगर, धायरीतले. आपली मुलं त्या शाळांत नाहीत म्हणून आपल्याला हा खेळ परवडतो. माझी स्वतःची मुलंही खासगी अनुदानित शाळेत शिकली, हे मी लपवत नाही. म्हणूनच मला याचा जास्त संताप येतो.

आता भाऊजींचा मुद्दा. मंत्री शिकलेला, शिक्षणातला असला तर बरंच, नाही कोण म्हणतंय? पण वर्षाताई प्राध्यापक होत्या, म्हणून आमच्या भिंतीवरचा थर चुकला का? २०१५ मध्ये तावडेंच्या पदवीवरून केवढा गदारोळ झाला. किती दिवस पेपरांत तेच. त्याच जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा निर्णय निघाला होता. त्यात मुलाला खरंच वाचता येतं का, हे बघण्याचा आग्रह होता. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात कामाचा कागद. आम्ही शिक्षक पदरमोड करून जीप ठरवून साताऱ्याजवळचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला गेलो. तिथल्या बायका जमिनीवर बसून मुलांना शिकवत होत्या, मुलं एकमेकांना शिकवत होती, वर्गात छडी नाही की आरडाओरडा नाही. परत येऊन मी आणि ह्यांनी सुट्टीत वर्गाच्या फरशीवर बाराखडी आणि शंभरपर्यंत आकडे रंगवले. पोरं त्यावर उड्या मारत मोजायची. या कागदावर चर्चा झाली का? नाही. चर्चा पदवीवर झाली. आणि चार-पाच वर्षांनी माणसं बदलली तशी ती गोष्टही हवेत विरली. फरशीवरची अक्षरं झिजली, पुढे वर टाइल्स बसल्या.

आणि ‘मालेगावचा माणूस’ म्हणजे काय हो? आज हे ऐकून मला फार लागलं. मालेगावात शाळा नाहीत? तिथली मुलं मराठी शाळेत, उर्दू शाळेत जात नाहीत? यंत्रमागाच्या खोलीत अभ्यास करणारं पोर भुसेंनी जवळून पाहिलं असेल, ते आपल्याला डेक्कनवर दिसणार नाही. बालभारती पुण्यात, शिक्षण आयुक्तालय पुण्यात, शिक्षकांना प्रशिक्षण देणारी एससीईआरटी पुण्यातच कुमठेकर रस्त्यावर, परीक्षा परिषद पुण्यात. महाराष्ट्राच्या शिक्षणाची सगळी किल्ली साठ-सत्तर वर्षं या शहरात आहे आणि तरी आपल्याच जिल्ह्यात, भोरमध्ये, माझ्या शाळेला एक शिक्षक कमी होता. मग पुण्याचा मंत्री असता तर काय मोठा फरक पडणार होता? उच्च आणि तंत्रशिक्षण तर कोथरूडच्या चंद्रकांतदादांकडेच आहे. त्यावर भाऊजी काही बोलले नाहीत.

भुसेंनी कृषीखातं कसं चालवलं यावर मी बोलत नाही, माझा तो विषय नाही. शेतकऱ्यांना विचारा.

भाच्या, तुझंही ऐक आता. सरकार तुझं आहे म्हणून मंत्री आपोआप चांगला होत नाही. आणि उद्या तो काही बरं करायला गेला तर विरोधी बाकावरचे आमचे लोक डोळे मिटून ओरडणार, हेही मला दिसतंय. विचारसरणीचा फरक असतो. पुस्तकात काय यावं, कोणता इतिहास यावा, यावर भांडावंच लागतं आणि मी भांडेन. तिथे मी तटस्थ वगैरे नाही. पण दुसरीच्या मुलाला वजाबाकी यावी, याला कसली विचारसरणी लागते?

टिकलेला निर्णय बघायचा तर २००० सालचा बघा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. चिंचवडचं मोठं प्रेक्षागृह त्यांच्या नावाने आहे, ते मोरे. पहिलीपासून इंग्रजी त्यांनी आणलं. पुण्यात काय कमी विरोध झाला? मराठीचं काय होणार, शिक्षकांना तरी येतं का, असं सगळे बोलले, मीही बोलले. अजूनही त्यातलं काही मला पटत नाही. पण पुढे एवढी सरकारं आली, कोणी तो मोडला नाही. म्हणून आम्हाला वेळ मिळाला. पहिली दोन-तीन वर्षं आम्ही अडखळलो, मग रेडिओचे पाठ लावून शिकलो, गाणी बसवली, आणि हळूहळू वाडीवरच्या आईला वाटायला लागलं की आपलं पोरही काही कमी नाही. निर्णय बरोबर की चूक ते सोडा, आम्हाला तो राबवायला मिळाला.

पुन्हा त्या भिंतीपाशी येते, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. पेंटर खरवडत होता तेव्हा चौथीतला एक मुलगा तिथे उभा होता. त्याचं नाव लिहीत नाही. वडील ऊसतोडीला जायचे, हा वर्षातले काही महिने शाळेत, काही महिने फडात. त्याने वर आलेल्या अक्षरांवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. ‘‘प... र... ग... त.’’ मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘बाई, परगत म्हंजे काय?’’ जोडाक्षर त्याला येत नव्हतं. चौथीत. मला त्याच्याबरोबर रोज अर्धा तास निवांत बसायला हवं होतं, दोन महिने जरी मिळाले असते तरी तो वाचायला लागला असता, एवढं मी छातीठोकपणे सांगते. अशी कितीतरी मुलं मी वाचती केली आहेत. पण त्याच आठवड्यात सुंदर शाळेचे फोटो अपलोड करायचे होते. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर मेसेज यायचे, ‘अतितात्काळ, आज पाचपर्यंत’. आमच्या वाडीत रेंज यायची ती देवळामागच्या खडकावर. दुपारी वर्ग सहकाऱ्यावर सोडून मी त्या खडकावर मोबाइल धरून उभी. खाली वर्गात तो मुलगा.

हे लिहिताना आत्ता माझा हात थांबला होता.

राग भुसेंवर नाही. त्यांनी अजून खुर्चीही धरली नाही. केसरकरांवरही एकट्यावर नाही. राग आपल्यावर आहे, शिकल्यासवरल्या माणसांवर. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, ५ डिसेंबरला शपथ झाली, १५ तारखेला नागपुरात ३९ मंत्री झाले, तरी खाती ठरायला कालचा दिवस उजाडला. गृह कोणाला, अर्थ कोणाला, यावर महिनाभर रुसवेफुगवे. शालेय शिक्षणासाठी कोणी अडून बसल्याचं तुम्ही ऐकलंत? मी नाही ऐकलं. एवढं मोठं खातं, गावोगाव पसरलेलं, आणि त्यासाठी कोणी रुसायलाही तयार नाही. यावर आपण चिडायला हवं होतं. आपण चिडलो ते मालेगावावरून!

मी नव्या मंत्र्यांना पत्र लिहायला घेतलंय. दोन पानांच्या वर जाऊ देणार नाही. पहिलं, निदान दोन वर्षं एकही नवी योजना नको, आधीचंच नीट होऊ द्या. दुसरं, रिकाम्या जागा भरा, आणि निवृत्तांना मानधनावर बोलावून नाही तर शिकून घरी बसलेल्या पोरापोरींना कायम नेमून. तिसरं, फोटो आणि लिंका बंद. माहिती हवी असेल तर महिन्यातून एकदा मागा. चौथं, ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी फडावर माणूस पाठवा. आणि कधी शाळा बघायला आलात तर न कळवता या, रांगोळी आणि लेझीम नको. कुठल्याही मुलाला जवळ घ्या आणि त्याच्या हातात पुस्तक द्या.

पत्र मंगळवारी टाकणार आहे. कोणाला सही करायची असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत घरी या, पत्ता माहीत आहेच. भाऊजी, तुम्हीही या, आणि भाच्याला गाडीत घेऊन या. फक्त जे शिक्षक अजून नोकरीत आहेत त्यांनी सही करू नका, या पोस्टवर काही लिहूही नका. तुम्हाला नोटीस यायला नको. तुमचं म्हणणं मला फोनवर सांगा, मी माझ्या नावावर घालते.